शलमोनदादा भाकर घेत नाही

देवळाली प्रवऱ्यात ज्याला आपल्या घरात आज काय शिजलंय हे ठाऊक नसतं, त्यालाही आमच्या बेंजूचा खून कोणी केला हे पक्कं ठाऊक असतं. ठाऊक नाही ते फक्त पोलिसांना. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

बेंजू म्हणजे बेंजामिन, माझा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, लग्न केलं नव्हतं. कालव्याच्या पलीकडं आमचा दीड एकर ऊस आहे, तो तोच बघायचा. मार्चअखेरच्या एका शुक्रवारी सकाळी तो विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत मेलेला सापडला. डोक्याला मागून घाव होता. खोलीतला मोठा पान्हा गायब होता आणि तो आजतागायत मिळालेला नाही.

मी कृपा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते. पोरांना रोज सांगते की उत्तर येत नसेल तर गप्प बसा, ठोकून देऊ नका. पोरं ऐकतात. मोठ्यांना कोण सांगणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. कोपऱ्यावर भाजी विकणारी केशरबाई मेथीची जुडी हातात देता देता मला सांगते, जमिनीबिगर खून व्हत न्हाई बाई, ही काळ्या दगडावरची रेघ. चहाच्या टपरीवर एंजेलाचं नाव घेतात. एंजेला शिवणकाम करते, नवऱ्यानं टाकलेली आहे, आणि तिच्या अंगणातल्या प्रार्थनेला बेंजू जायचा. म्हणून म्हणे नवरा परत आला आणि त्यानं काटा काढला. तो नवरा सुरतेला असतो. बायको कोणत्या गावात राहते हेही त्याच्या लक्षात नसेल. पोलिसांचं म्हणणं आणखी वेगळं. त्या हंगामात तीन विहिरींवरच्या केबली चोरीला गेल्या होत्या, तेव्हा हे काम केबल चोरांचं. पण बेंजूच्या मोटारीची केबल जागच्या जागी होती. माणूस मारायचा आणि केबल तशीच ठेवून जायचं, असला दानशूर चोर मी तरी ऐकलेला नाही.

आणि हे सगळे अंदाज फिरून फिरून शेवटी आमच्याच ओट्यावर येऊन बसायचे. ‘पण भाऊभाऊ भांडले हुते म्हणं ना?’ असं कुणीतरी विचारायचं, की बाकीचे माझ्याकडं बघायचे.

भांडले होते, हे खरं आहे. ख्रिस्ती वस्तीत वडिलांची एक जागा आहे. तिच्यात एका रांगेत तीन घरं: एका टोकाला थोरला शलमोनदादा, दुसऱ्या टोकाला बेंजू आणि मधल्या दोन खोल्यांत मी. माझे यजमान वारल्यावर वडिलांनीच मला परत आणून तिथं ठेवलं. बेंजू पाचेक वर्षांपूर्वी आमचं जुनं चर्च सोडून त्या अंगणातल्या नव्या मंडळीत गेला आणि त्याच्या डोक्यात शिरलं की आपल्या जागेत त्यांना प्रार्थनेसाठी हॉल बांधून द्यायचा. दादा आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे सेवक. आजोबांचा बाप्तिस्मा त्या चर्चमध्ये झाला, दादा तिथं पंचवीस वर्षं सेवा करतोय. तो भडकला. खुनाच्या तीन दिवस आधी, मंगळवारी संध्याकाळी, त्यानं गल्लीत उभं राहून बेंजूला सांगितलं की तिथं हॉल न्हाई, तुझं थडगं बांधीन. सगळ्या वस्तीनं ऐकलं. त्या वस्तीला एरवी चर्चची घंटा ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं.

मीही बेंजूवर चिडले होते. त्या मंगळवारपासून मी त्याचा डबा बंद केला. एरवी दोन वेळचं जेवण तो माझ्याकडचंच खायचा. म्हटलं, बघू नव्या मंडळीतलं कोण भाकरी थापून देतंय ते.

आता एक गोष्ट सांगते, जी मी पोलिसांना सांगितली नाही आणि देवाशिवाय कुणालाच सांगितली नाही. त्या शुक्रवारी सकाळी पावणेसातच्या सुमाराला मी कालव्याच्या पुलावर होते. तीन दिवस अबोला धरून माझंच पोट दुखायला लागलं होतं. म्हटलं जावं, चार शिव्या द्याव्यात आणि जेवायला ये म्हणावं. पुलावरून आमची विहीर दिसते. विहिरीवर शलमोनदादा होता. त्यानं विहिरीत काहीतरी टाकलं. मग पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून हात धुतले, बराच वेळ, कोपरापर्यंत. मला वाटलं, दोघं भाऊ बोलत असतील, आपण मध्ये कशाला. मी मागे फिरले.

नऊ वाजता दादाच ओरडत वस्तीत आला की बेंजू मोटारीच्या खोलीत पडलाय, हलत न्हाई.

पोलीस आले तेव्हा दादा भिंतीला टेकून नुसता बसून होता, त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. म्हणून फिर्याद मी दिली. हवालदार गहिनीनाथ लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, सकाळी शलमोन कुठं होते? मी म्हणाले, माझ्याकडं. सहा ते साडेसात माझ्या घरी चहा घेत बसले होते, मग शेतावर गेले. हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. एक भाऊ गेला होता. दुसरा माझ्या डोळ्यांदेखत फासावर जाऊ द्यायचा नाही, एवढंच मला कळत होतं. पुढं पोलिसांनी विहिरीत गळ टाकून पाहिला. पंचवीस फूट पाणी आणि खाली चिखल. गळाला काही लागलं नाही, तोवर माझा जीव मुठीत होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकून माझ्या बोटांना वळ आले. दादाच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. तो खोकला तर मला कळतं. रोज तो खोकायचा आणि रोज मी विचार करायची, यानं मारलं का? रागात हात उठला असेल का? बेंजू काही वाईट बोलला असेल का? मला त्याचा राग यायचा, मग त्याची दया यायची, मग माझाच राग यायचा. विचारायची सोय नव्हती. विचारलं आणि तो हो म्हणाला, तर मी काय करणार होते?

तसं न विचारताच तो हो म्हणतोय, असं मला वाटत होतं. ते त्या भाकरीमुळं.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे बारीक तुकडे आणि चमचाभर द्राक्षारसाचे छोटे ग्लास. ताटं फिरवायचं काम डीकनचं, म्हणजे दादाचं. भाकर कापायचं काम माझं. पाव आणायचा, कडा काढायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. नियम लहानपणापासून पाठ आहे: मनात पाप लपलेलं असेल किंवा कुणाशी वैर असेल तर भाकर घ्यायची नाही. आधी ते निस्तरायचं. बेंजूला पुरल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला दादानं सगळ्या बाकांवरून ताट फिरवलं, सगळ्यांना दिलं, परत येऊन ताट टेबलावर ठेवलं आणि स्वतः घेतलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. असं छत्तीस वेळा.

वस्तीला एवढं पुरेसं होतं. खाई त्याला खवखवे अशी म्हण आहे. आमच्या मंडळीनं ती उलटी लावली, जो खात नाही त्यालाच खवखवतंय. बाया ताट पुढं देताना एकमेकींच्या पायाला पाय लावायच्या. पाळकसाहेबांनी त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलं. दादा म्हणाला, माझं मला ठाऊक हाय. झालं, पाळकसाहेबांच्या बायकोकडून ते संध्याकाळपर्यंत सगळीकडं गेलं. कोर्टात साक्षीदार लागतात, पुरावा लागतो. आमच्याकडं भाकरीचा एक तुकडा पुरला. आणि इतरांना काय बोलू? मीही तेच धरून बसले होते. उलट माझी खात्री जास्त होती, कारण मी पुलावरून पाहिलं होतं.

गेल्या आठवड्यात शनिवारी दुपारी गहिनीनाथ हवालदार कोर्टाची नोटीस घेऊन आले. आता त्यांचे केस पिकलेत. त्यांनी समजावून सांगितलं की तपासाची ए समरी होतेय. म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळून येत नाही, म्हणून फाईल बंद. तुम्ही फिर्यादी, तेव्हा तुमची हरकत आहे का हे कोर्ट विचारणार. तारीख येत्या गुरुवारची.

“न्हाई म्हणून सांगा बाई आन् मोकळ्या व्हा,” ते म्हणाले. “आता काय निघायचंय त्यातून?”

ते गेल्यावर मी नोटीस हातात धरून बसले. हरकत नाही म्हटलं की दादा सुटला. कायमचा. ज्यासाठी तीन वर्षं खोटं पोटात ठेवलं ते पदरात पडत होतं. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. बेंजू मेला तो मेला, त्याची फाईलही आता माझ्या सहीनं बंद व्हायची? ज्या पोराला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याचं काय झालं हे न कळता मी ‘हरकत नाही’ लिहायचं? फासावर घाला नाहीतर सोडून द्या, पण मला एकदा कळू द्या. पहिल्यांदाच वाटलं की दादानं मारलं असेल तर त्यानं ते निदान माझ्यापाशी तरी कबूल करावं. नाहीतर मी सही करणार नाही.

मी तशीच उठून त्याच्या ओट्यावर गेले. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता, म्हणून दादा प्रभुभोजनाचे ग्लास धूत बसला होता. टॉवेलवर चाळीसेक ग्लास पालथे घातले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस असलीच कामं जपून जपून करतो. वहिनी चार वर्षांपूर्वी गेली, घरात दुसरं कुणी नाही. मी नोटीस त्याच्या मांडीवर टाकली. त्यानं चष्मा लावून वाचली, घडी केली आणि परत दिली. म्हणाला, सही कर. बरं झालं. संपलं येकदाचं.

“संपलं” ऐकून माझं डोकं फिरलं.

“दादा, तू भाकर का घेत न्हाईस?”

हा प्रश्न मी छत्तीस महिने गिळला होता. त्यानं एक ग्लास उचलून पुसला, उजेडाकडं धरून पाहिला, परत पुसला.

“मनात वाकडं असताना घेऊ नये.”

“कुनाबद्दल वाकडं?”

“तुझ्याबद्दल,” तो म्हणाला.

मी खाली बसले. मला आधी वाटलं, हा माझ्यावरच उलटतोय; चोराच्या उलट्या बोंबा. मी आवाज चढवला. म्हणाले, तुझ्यासाठी मी पोलिसांसमोर खोटं बोलले, तुला माझ्या घरी चहा प्यायला बसवला, तुला वाचवलं, आणि तुझ्या मनात माझ्याबद्दल वाकडं? दादानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं.

“मला वाचवलंस? कृपे, तू सोताला वाचवलंस. मी तुझ्याकडं चा घेत हुतो म्हंजी तूबी घरातच हुतीस, असंच झालं की न्हाई?”

मग तो बोलला. मध्ये मध्ये थांबत, ग्लास पुसत. मी सांगते ते त्याचंच आहे, फक्त सलग.

भांडणाचं त्यालाही लागलं होतं. त्या शुक्रवारी सकाळी सहा वाजता तोही माझ्यासारखाच बेंजूची समजूत काढायला निघाला. साडेसहाला मोटारीच्या खोलीत पोचला तर बेंजू पालथा पडलेला. त्यानं त्याला उलटा केला, डोकं मांडीवर घेतलं, हात रक्तानं भरले. जीव गेलेला होता. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. स्टोव्ह गार झालेला नव्हता. शेजारी चहाचे दोन कप होते, दोन्ही अर्धे प्यालेले. आणि कपांपाशी माझा डबा. झाकणावर माझं नाव कोरलेला, तो स्टीलचा.

त्याच्या डोक्यात एकच आलं. कृपा सकाळी डबा घेऊन आली, दोघं चहा प्याले, हॉलवरून भांडण निघालं. बेंजूच्या एकट्या घरात हॉल मावणार नाही, मग शेजारच्या कुणाच्या खोल्या जाणार? मधल्या. माझ्या. दादाचं घर टोकाला. त्याला हॉलचा नुसता राग होता, बेघर होणार होते ते मी. तीन वर्षं मी अख्ख्या गावाचे हेतू तपासले, एंजेलाच्या नवऱ्याचा, केबल चोरांचा, माझ्या थोरल्या भावाचा. माझा तपासायचं मला एकदाही सुचलं नाही. हे मी शिक्षिका असून.

दादानं दोन्ही कप आणि डबा उचलला आणि विहिरीत टाकला. मग हात धुतले. घरी येऊन दार लावून बसला. दुसऱ्या कुणाला तरी सापडू दे म्हणून वाट पाहिली. कुणाला सापडेना, तेव्हा आठ वाजता स्वतःच गेला आणि नऊ वाजता ओरडत आला. दुपारी गहिनीनाथांनी त्याला वाचून दाखवलं की तुमच्या बहिणीनं तुम्ही तिच्या घरी होतात असं सांगितलंय. तो हो म्हणाला. आणि तेव्हाच त्याची खात्री पटली. कारण निर्दोष बाई असलं खोटं कशाला बोलेल?

“डब्यात काय हुतं?” मी विचारलं.

“उघडला न्हाई.”

“उघडायचास तरी. रिकामा हुता तो. मंगळवारी दुपारचा डबा. त्याच्याकडंच राह्यला हुता, तीन दिवस. मी नंतर पाठवलाच न्हाई.”

दादाचा हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असं वाटलं होतं. नाही दिसला. त्याचं तोंड हळूहळू उघडलं, तिसरीतल्या पोराला आपण सबंध पानभर गणित चुकीचं सोडवलं हे कळल्यावर उघडतं तसं. मग तो म्हणाला की तू दर महिन्याला भाकर कापायचीस आणि घ्यायचीसपण. बिनदिक्कत. मला तेच सोसायचं न्हाई. म्हनायचो, हिला काहीच कसं वाटत न्हाई? तुझ्या हातचा तुकडा तोंडात घालवायचा न्हाई मला.

मला रडू आलं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात ते सगळे ग्लास घालावेत असंही वाटलं. स्वतःच्याही. बेंजूनं चहाचा कप हातात देऊन ज्याच्याशी बोलत बसावं, असा ओळखीचा माणूस तिथं आला होता. ते दोन कप तिथं राहिले असते तर केबल चोराची गोष्ट पहिल्याच दिवशी मोडली असती. त्या कपावर बोटं असतील, ओठ असतील. आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाचं इतकं नीट आवरून दिलं होतं, की त्यानं सांगितलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. मी एक बाजू धुतली, दादानं दुसरी.

“वाटंत कुनी दिसलं नव्हतं का रे तुला?” मी विचारलं. खरं तर मला कसलीच आशा नव्हती.

“दिसलं की.”

तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की मला आधी कळलंच नाही. कालव्याच्या वळणावर एक मोटरसायकल त्याच्या अंगावरून गेली होती. आमच्या शेताच्या वाटेनं आली, जोरात. चालवणाऱ्यानं तोंडाला मफलर गुंडाळला होता. दादाला कडेच्या चारीत उतरावं लागलं. शिवी द्यायला त्यानं मागं वळून पाहिलं आणि नंबर वाचला.

मी ओट्यावरून उठले. दादा कारखान्याच्या काट्यावर एकतीस वर्षं कारकून होता. उसाची प्रत्येक गाडी, प्रत्येक ट्रॉली त्याच्या खिडकीसमोर तोलली गेली. हंगामात दिवसाला शेकड्यांनी गाड्या. नंबर नजरेखालून एकदा गेला की त्याच्या डोक्यात छापला जायचा. परवाच्या गाडीचाही तो न बघता सांगायचा. कारखान्यातले लोक पैजा लावायचे आणि हरायचे.

“मग हे सांगितलं का न्हाईस? तीन वर्षं?”

“कसं सांगनार? तुझ्या जबानीपरमानं मी तुझ्या घरी चा पीत हुतो. मला मोटरसायकल कुठनं दिसनार? आन् मला वाटलं, त्यानं तुला थितं पाह्यलं आसंल. तो घावला की तुझं नाव घेनार.”

बरोबर होतं. दादाला वाचवायला मी जो दरवाजा लावला, त्यानंच खुन्यापर्यंतची वाटही बंद झाली होती.

पण आता नंबर होता. एवढं एक होतं. मी घरात धावत गेले, शाळेचे फुलस्केप कागद घेऊन आले. दादाला म्हणाले, गुरुवारी मी कोर्टात हरकत आहे म्हणणार. लेखी देणार. मी खोटी जबानी दिली हे लिहिणार, तू कप आणि डबा टाकलास हेही लिहावं लागेल. डबा अजून चिखलात असेल. पोलीस म्हणतील कालच टाकला, म्हणू देत. माझी नोकरी जाईल. तुला आत टाकतील. आणि वस्ती म्हणेल, बघा, आम्ही म्हणत नव्हतो, दोघांनी मिळूनच केलं. चालेल का तुला?

“चालंल,” दादा म्हणाला. त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. “म्हातारपनी कुठं बसायचं तेवढंच बदलनार. लिही तू.”

ग्लास बाजूला सारून आम्ही ओट्यावर कागद पसरले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या इतक्या जवळ बसले होते. मी लिहीत गेले, तो सांगत गेला. वार शुक्रवार. वेळ सव्वासहा, कारण सहाला तो घरातून निघाला होता आणि तिथून वळणापर्यंत चालायला पाव तास लागतो. जागा कालव्याचं वळण, पिंपरणीच्या झाडापाशी. गाडी काळी, मागचा दिवा फुटलेला. मफलर तपकिरी किंवा मातकट. तो एकेक गोष्ट नीट आठवून, खात्री करून सांगत होता. माझं अक्षर घाईनं वाकडं जात होतं. मला वाटलं, बेंजू, थांब, आलोच आम्ही.

“हं. आता नंबर.”

“एमएच सतरा,” दादा म्हणाला.

मी लिहिलं आणि पेन टेकवून थांबले. आमच्या भागातली कुठलीही गाडी घ्या, ती एमएच सतरा असते. दादानं डोळे मिटले. ओठ हलले. बोटानं त्यानं मांडीवर काहीतरी लिहून पाहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

“एमएच सतरा...” तो पुन्हा म्हणाला. मी म्हणाले, घाई नाही, आठव. गाडी डोळ्यासमोर आण. तो म्हणाला, गाडी हाय, पाटी हाय, पाटीवर काय न्हाई.

रस्त्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. त्यानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“पैलं वरीस कुनी झोपंतनं उठवून इचारला असता तरी सांगितला असता,” तो म्हणाला. “रोज सकाळी डोळं उघडलं की आधी त्योच यायचा तोंडात. भ्या वाटायचं, कवातरी कुनापुढं निसटला तर तू जाशील. मग मी देवाकडं मागायला लागलो. येवढा नंबर इसरू दे म्हनलं. दुसरं काय मागितलं न्हाई, कृपे. रोज त्येवढंच. गेल्या पावसाळ्यात गेला तो. देवानं ऐकलं म्हनून गुडघे टेकून उपकार मानले मी.”

त्यानं तोंड दोन्ही हातांत झाकलं. मला त्याला शिवी देववेना आणि धीरही देववेना. मी कागद ओढला, एमएच सतराच्या पुढं सहा अक्षरांची जागा कोरी सोडली आणि खाली सही केली.